फ्लेक्सवरची बाई

१

इंचराला सकाळची नाचणीची पेज भरवायची तर मला राक्षसांची मदत लागायची. एक चमचा शिंगवाल्याला, एक लांब जिभेच्या मामाला, एक मिशीवाल्याला आणि मग एक हिला. अंगणातल्या दोरीवर हे राक्षसांचे मुखवटे रंग वाळायला टांगलेले असायचे, पंधरा-वीस तोंडं एका ओळीत. अडीच वर्षांची पोर माझ्या कडेवरून वाकून त्यांच्या तोंडात बोट घालायची, जीभ ओढायची, "आ कर" म्हणून दटावायची. दुसऱ्यांची लेकरं आमच्या फाटकाशी आली की भोकाड पसरायची. आमची टाळ्या वाजवायची.

घरचा धंदाच तो. तुमकूरच्या पुढं हमरस्त्याला लागून आमचं घर. कुणी नवं घर बांधायला काढलं, कुणाच्या मळ्यात टोमॅटो जोरात आला, की दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडून एक तोंड न्यायचं आणि उंचावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं टांगायचं. माव, म्हणजे माझे सासरे चिक्करंगय्या, सांगायचे की त्यांच्या वडिलांच्या वेळी चुलीवरचं काळं मडकं आणि त्यावर चुन्याचे दोन ठिपके, एवढा राक्षस पुरायचा. रस्त्यानं जाणारे बैल बिचकायचे. मग लोक ठिपक्यांना सरावले, तेव्हा वडिलांनी दात काढले. दातांना सरावले, तेव्हा मावंनी शिंगं आणि जीभ काढली. माझ्या नवऱ्यानं, लोकेशनं, फायबरचा साचा आणला आणि डोळ्यांत लाल दिवे बसवले.

"भीती मरत चालली की एक दात वाढवायचा," माव म्हणायचे. "आता तोंडात जागाच राहिली नाही."

एक गोष्ट मात्र मडक्यापासून चालत आलेली होती. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. काढायच्या आधी समोर कोहळा ठेवायचा, बायकापोरांनी आत जाऊन दार लावून घ्यायचं. डोळे उघडले की तो पहिल्यांदा ज्याच्याकडं बघेल ते त्याचं. म्हणून त्यानं कोहळ्याकडं बघायचं, आणि कोहळा मग तिठ्यावर नेऊन फोडायचा. इंचराला पोटाशी धरून मी किती वेळा त्या दाराआड बसले असेन. बाहेरून मावंचा आवाज यायचा, "झालं गं नागवेणी. ये बाहेर."

मी शहाण्यासारखी बसून राहायची. मनात म्हणायची, असं कुठं असतं का.

२

माघ महिन्यात रस्त्यापलीकडच्या एका बांधकामावर तोंड टांगायला आम्ही सगळेच गेलो होतो. माझा धाकटा दीर हरीश मोबाईलवर त्याचं चित्रण करत होता, गिऱ्हाइकांना दाखवायला. मी इंचराला खाली ठेवून पाण्याची बाटली उघडली. तेवढंच. वर बघितलं तर ती स्लॅबच्या कडेला उभी. जिन्याला कठडा नव्हता, ती कधी चढली कुणास ठाऊक. एक पाय पुढं काढून ती हवेत पायरी शोधत होती.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. बसण्णा गवंड्यानं मागून तिचा फ्रॉक धरला. झालं.

घरी येऊन चहा पिताना हरीशला त्या चित्रणात तो क्षण सापडला, त्यानं तेवढ्याचाच फोटो काढून घेतला. तो मला आपल्या बहिणीसारखा अक्काच म्हणतो.

"अक्का, ये ये. बघ तुझं तोंड."

बुबुळं पार वर पापणीला भिडलेली, त्यांच्याखाली नुसतं पांढरं. तोंड उघडं, पण ते रडण्याचं नाही, ओरडण्याचंही नाही. मानेच्या शिरा दोरीसारख्या. कुंकू कपाळभर फासलेलं. माझं तोंड असं होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

"बघायला आलो तेव्हा हे तोंड दाखवलं असतंस तर पोहे टाकून पळालो असतो," लोकेश म्हणाला.

"मग पळ की आता. कोण अडवतंय?"

सगळे हसले. मीही हसले. बसण्णा आमच्याबरोबर चहाला आला होता, तो मात्र हसला नाही. मोबाईल हातात घेऊन तो बराच वेळ बघत बसला.

"लोकेश, माझ्या पुढच्या कामावर हे लाव."

"काय, बायको टांगू?"

"तोंड रे फक्त. तुझ्या शिंगवाल्यांबरोबर पोरं फोटो काढून घेतात. याच्याकडं कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही. आणि कोण ओळखतंय?"

माव ओट्यावरून म्हणाले, "आमचा राक्षस लोकांवर डोळे वटारायचा. ही तर स्वतःच भ्यालीय. भ्यालेलं तोंड दारावर लावतं का कुणी?"

"अप्पा, राक्षसाला आता कुणी भीत नाही," हरीश म्हणाला. "बाईला काय दिसलं असेल, याला भितात."

मला कुणी विचारलं नाही, आणि मीही नको म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "कुंकू फासलंय ते तरी नीट करून छापा." हे आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

३

आठवड्यानं हरीश शहरातून फ्लेक्सची गुंडाळी घेऊन आला. भर दुपार होती. मी आत भांडी घासत होते. तो फाटकातूनच ओरडत आला, "अक्का आली गं, अक्का!" आणि अंगणात गुंडाळी झटकन सोडली.

माव आतून धावत आले. "अरे, कोहळा कुठाय?"

"कशाला अप्पा? याचे डोळे आपण कुठं काढलेत? मशीननं छापलेत. उघडेच होते."

"उघडून पहिल्यांदा कुणासमोर धरलंस?"

हरीशनं खाली बघितलं. फ्लेक्सच्या समोर, हातभर अंतरावर, इंचरा उभी होती. हातात चमचा.

फ्लेक्सवरचं तोंड तिच्यापेक्षा मोठं होतं. ती वर मान करून बघत राहिली. भ्याली नाही, टाळ्याही वाजवल्या नाहीत. मी राखेच्या हातानंच बाहेर आले आणि "इंचू" म्हणून हाक मारली. तिनं माझ्याकडं बघितलं. मग फ्लेक्सकडं, आणि परत माझ्याकडं. दुकानात दोन लुगडी पसरली की बाई जशी बघते, तशी.

मग ती फ्लेक्सला जाऊन चिकटली. "अम्मा," म्हणाली.

"बघा, पोरीनं ओळखली," हरीश म्हणाला. "छपाई एक नंबर."

मावंनी उशिरानं का होईना, घरातला एक कोहळा आणून समोर ठेवला आणि जाऊन तिठ्यावर फोडला. परत आले तेव्हा माझ्याकडं बघेनात.

४

दुसऱ्या दिवसापासून इंचरा शिंगवाल्याला पेज देईना. तो पहिला फ्लेक्स गिऱ्हाइकांना दाखवायला ओट्याच्या भिंतीला लावला होता, तिथं बसूनच खायची. चमचा माझ्या हातात, पण आ करायची त्या बाईकडं बघून. मी मध्ये आले तर मान वाकडी करून पलीकडं बघायची.

मी मनाशी म्हटलं, लेकरू आहे. नवं चित्र आहे. आठ दिवस चालेल.

आठ दिवसांनी ती मला अक्का म्हणायला लागली.

"हरीशचं ऐकून शिकली," लोकेश म्हणाला.

"मग हरीशला काका कशी म्हणते? त्याला कोण काका म्हणतं घरात, तूच सांग."

"नागू, तू ना, झोप नीट घेत जा."

रागानं मी फ्लेक्स काढला, गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. पोरीनं रडून आकांत नाही केला. नुसती ओट्यावर रिकाम्या भिंतीसमोर बसून राहिली. सकाळी खाल्लं नाही, दुपारी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ सुकलेले बघून मीच शिडी लावली.

परत लावताना फ्लेक्स माझ्या तोंडासमोर आला. बुबुळं वर नव्हती. खाली, ओट्याच्या दिशेनं होती. जिथं इंचरा बसली होती तिथं.

मी हरीशला हाक मारली. त्यानं बघितलं, बोटानं घासून बघितलं. "गुंडाळून ठेवलास ना, चुणी पडली असेल. नाहीतर दुसऱ्या फोटोवरून छापलं असेल त्यांनी."

"दुसरा फोटो कुठाय?"

"शोधावा लागेल," तो म्हणाला. मोबाईलमधला फोटो मी बघितला. त्यात बुबुळं वरच होती. दुसरा फोटो नव्हता. मीही मग म्हटलं, चुणीच असेल. एवढ्या मोठ्या चुणीत अख्खं बुबुळ कसं खाली जाईल हे मी विचारलं नाही. कुणाला विचारणार? मलाच.

५

बसण्णाच्या बांधकामावर ती बाई लागली, आणि बघता बघता सगळीकडं लागली. सुपारीच्या बागेच्या फाटकावर. टोमॅटोच्या शेतात काठीला. नव्या दवाखान्याच्या गच्चीवर. टायरच्या दुकानावर. आमचे शिंगवाले दोरीवर तसेच राहिले, ऊन लागून त्यांचे लाल रंग गुलाबी पडले. लोकेश खूश होता. बाजारात बायका मला ओळखत नव्हत्या, हे बरंच होतं. एक म्हातारी माझ्याशेजारी उभी राहून वर बघत म्हणाली, "कुठल्या बयेचं तोंड आणलंय बाई. हिचं लेकरू मेलं असेल."

मी म्हटलं, "नाही हो. वाचलं."

"तुला काय माहीत?"

अंगणवाडीचा रस्ता दहा मिनिटांचा, त्यात सात जागी ती. इंचराला कडेवर घेऊन निघालं की सातही ठिकाणी डोळे तिच्यावर. तिला तिथं सोडून एकटी परत आले की सातही ठिकाणी डोळे वर, आभाळाकडं. मी हे पाच दिवस करून बघितलं. सहाव्या दिवशी ऊन उलट बाजूला असताना बघितलं. मग तिला पोत्यात घातल्यासारखी पदराखाली झाकून नेली. तरी तसंच. माझ्याकडं ती बाई एकदाही बघत नव्हती.

आणि ते बघणंही कसलं? लेकराला बघून आई बघते तसं नव्हतं. स्लॅबच्या कडेवरच्या लेकराकडं बघायचं तसं. इंचरा माझ्या कडेवर, दोन्ही हातांनी धरलेली, सपाट डांबरी रस्त्यावर, आणि ती बाई तिच्याकडं अशी बघत होती की आता पडली. आता पडली.

पोरीला ते आवडायचं. तिच्याकडं असं जीव टांगून कोण बघत होतं? मी तर भात लावायचे, धुणं धुवायचे, कुणी बोललं तर तिकडं बघायचे. ती बाई कुठं बघत नव्हती.

६

"सगळे काढून आणा," मी लोकेशला म्हटलं. तो जेवत होता.

"सगळे? जिल्हाभर गेलेत. आता दुसऱ्यांनीही छापायला घेतलेत. तुझं तोंड आता आपलं राहिलं नाही."

"माझं तोंड माझं राहिलं नाही म्हणतोस?"

"नागू, तुला आवडलं नाही हे समजतं मला. पण दृष्टीच्या बाहुल्याला घाबरायचं असतं ते दुसऱ्यांनी. घरच्यांनी नाही."

मावही भिंतीला टेकून जेवत बसले होते. म्हणाले, "लोकेश, राक्षसाला भूक असते म्हणून आपण त्याला कोहळा देतो. हिला कसली भूक आहे ते ठाऊक आहे का तुला?"

"कसली?"

मावंनी माझ्याकडं बघितलं, मग नाचणीच्या उंड्याचा तुकडा सारात बुडवून तसाच ताटात ठेवला. "आईला कसली असते?" म्हणाले.

मी इंचराला बघायला ओट्यावर गेले. फ्लेक्स होता. समोरची चटई होती. पोर नव्हती. फाटक उघडं होतं.

मी फ्लेक्सकडं बघितलं. बुबुळं वर होती. पार वर.

७

कुणीकडं पळायचं हे मला कुणी सांगितलं नाही. ती बाई कुठं टांगतात हे मला ठाऊक होतं. उंचावर, कठडा नसलेल्या कडेवर, जिथं अजून कुणी राहत नाही. आणि माझं लेकरू तिला अम्मा म्हणत होतं.

गावाच्या टोकाला बसण्णाचं दोन मजल्यांचं काम चालू होतं. गवंडी चिंचेखाली जेवायला बसलेले. वरच्या स्लॅबच्या कडेला बांबूंना तो फ्लेक्स ताणून बांधलेला. मी खालून बघितलं. भलंमोठं तोंड, आणि त्या तोंडाच्या हनुवटीखालून दोन छोटे पाय लोंबत होते. पैंजणांसकट. ते हलत होते, आनंदात लेकरू पाय हलवतं तसे.

मी ओरडले नाही. तोंड दाबून जिना चढले.

वरून ती पाठमोरी दिसली. स्लॅबच्या कडेला बसली होती, फ्लेक्सच्या मागच्या अंगाला. मागून फ्लेक्स पांढरा असतो. पण ऊन समोरून पडत होतं, म्हणून ते तोंड आरशातल्यासारखं उलटं होऊन मागं उमटलं होतं, फिकट. इंचरा त्याच्याशी बोलत होती. आणि ते तोंड, मी डोळे चोळून बघितलं, ते तोंड भ्यालेलं नव्हतं. डोळे खाली झुकलेले, ओठ मिटलेले. मांडीवर लेकरू झोपलं की होतं तसं. इतकं निवांत तोंड माझं कधी झालेलं मला आठवत नाही.

मी पाच हातांवर थांबले. झेप घेतली असती तर ती दचकून पुढं गेली असती. मी बळेच हसले. गोड आवाज काढला. "इंचू, ये राणी. पेज देते."

तिनं वळून बघितलं. माझ्या हसण्याकडं बघितलं.

"तू नको अक्का," म्हणाली. "अम्मा देते." आणि दोन्ही हात टेकून आणखी पुढं सरकली. कडेची वाळू खाली पडली.

खाली कुणीतरी हसलं, डब्याचं झाकण वाजलं.

मला काही सुचलं म्हणून मी केलं असं नाही. ते तोंड करायला मला काही करावंच लागलं नाही. हसू धरून ठेवलं होतं, तेवढं सोडलं. डोळे आपोआप मोठे झाले. जबडा खाली आला. मानेत शिरा ताणल्या.

इंचराचा चेहरा उजळला. माझ्याकडं बघून ती इतकी कधी हसली नव्हती.

"अम्मा!"

ती उठली, धडपडली आणि पळत माझ्या अंगावर आली. मी तिला धरून तिथंच बसले. तिच्या खांद्यावरून फ्लेक्सकडं बघितलं. ऊन तेच होतं. मागचं कापड कोरं, पांढरं होतं.

८

त्याला आता चार महिने झाले. इंचरा खाते, खेळते, अंगणवाडीत जाते. कडेला, जिन्याला, विहिरीला जात नाही. मला अम्मा म्हणते. रस्त्यावरच्या त्या सात बायकांकडं वळूनसुद्धा बघत नाही. ओट्यावरचा फ्लेक्स लोकेशनं काढला तरी तिनं विचारलं नाही. सगळं ठीक झालं असं लोकेश लोकांना सांगतो, पण जेवताना ताटातच बघतो. हरीशनं माझी चेष्टा करणं सोडलंय. गिऱ्हाईक आलं की मी आत जाते.

एकदा तीन दिवस मी नेहमीच्या तोंडानं राहून बघितलं. तिसऱ्या दिवशी ती शिडीवर सापडली. त्यानंतर नाही.

गाल दुखतात. डोळ्यांतून पाणी येतं, तेल घालते. सुरुवातीला त्या तोंडासाठी स्लॅब आठवावा लागायचा. आता लागत नाही.

"पोरी, माझ्यापुढं तरी सैल सोड," माव परवा म्हणाले. त्यांच्या आवाजात रडू होतं.

"आत आहे ना ती, माव."

"झोपलीय ती."

दुपारी ती झोपते तो तासभर माझा. तिला थोपटून झालं, श्वास लांब पडला, की मी भिंतीला टेकते आणि तोंड सोडते. गाल खाली येतात, पापण्या मिटतात. तेवढ्यापुरती मी पुन्हा नागवेणी असते.

काल दुपारी तशीच बसले होते. बाहेर फायबर घासल्याचा आवाज येत होता. इंचरा माझ्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मी गाल सोडले, आणि ती म्हणाली, "अम्मा गेली."

मी वाकून बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते. श्वास झोपेचा होता.

"अम्मा गेली," ती पुन्हा म्हणाली, आणि तिचा एक पाय पांघरुणातून बाहेर आला. पुढं, चटईच्या कडेकडं, पायरी शोधत.

मी घाईनं डोळे मोठे केले. जबडा सोडला.

"आली," इंचरा म्हणाली. पाय आत ओढून घेतला. तिनं वळून बघितलं नव्हतं.